एका उच्छ्वासाचे माप : प्रौढांच्या उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइडच्या मापनपद्धतीच्या प्रमाणीकरणाचा इतिहास

सारांश

मानवी उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड हा वायू अत्यल्प प्रमाणात असतो, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. दम्याच्या रुग्णांमध्ये त्याचे प्रमाण वाढलेले असते, हे १९९३-९४ मध्ये दिसून आले. मात्र निरनिराळ्या प्रयोगशाळांनी प्रसिद्ध केलेले आकडे परस्परांशी जुळत नव्हते. या विसंगतीची कारणे, १९९७, १९९९ व २००५ मधील शिफारशी आणि त्यानंतरच्या घडामोडी यांचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. मापनातून मिळणारा अंक मोजल्या जाणाऱ्या वस्तूवर जितका अवलंबून असतो तितकाच तो मोजण्याच्या मान्य केलेल्या रीतीवरही अवलंबून असतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नायट्रिक ऑक्साइड, उच्छ्वास, दमा, प्रवाहवेग, प्रमाणीकरण, वैद्यकाचा इतिहास.

१. प्रस्तावना

दम्याचा संशय असलेली प्रौढ व्यक्ती दवाखान्यात एका लहानशा यंत्राच्या नळीत संथपणे, सुमारे दहा सेकंद फुंकर घालते. थोड्याच वेळात यंत्राच्या पडद्यावर एक अंक उमटतो. त्या अंकावरून श्वासमार्गात विशिष्ट प्रकारचा दाह आहे काय, श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड औषध सुरू करावे काय, चालू असलेली मात्रा पुरेशी आहे काय, याविषयीचे अनुमान बांधले जाते. इंग्रजी आद्याक्षरांवरून या मापनास 'फेनो' असे संक्षिप्त नाव रूढ झाले आहे. त्याचे एकक अब्जांश हे होय. हवेच्या एक अब्ज भागांत वायूचा एक भाग म्हणजे एक अब्जांश.

हा अंक वरकरणी तापमापीतील पाऱ्यासारखा निःसंदिग्ध भासतो. परंतु त्याचा इतिहास पाहिल्यास असे लक्षात येते की, तीच व्यक्ती त्याच दिवशी त्याच यंत्रात अधिक जोराने फुंकली असती तर अंक कितीतरी कमी आला असता, आणि अधिक सावकाश फुंकली असती तर तो कितीतरी वाढला असता. त्यामुळे 'या व्यक्तीच्या उच्छ्वासात किती नायट्रिक ऑक्साइड आहे?' या प्रश्नाला, फुंकण्याची रीत सांगितल्याखेरीज, निश्चित उत्तर देता येत नाही. ही रीत कशी ठरली, कोणत्या अडचणींमधून ठरली आणि ती ठरल्यामुळे काय साधले व काय साधले नाही, याचा विचार पुढे केला आहे.

२. पूर्वपीठिका : त्याच वायूचा जुना वाद

नायट्रिक ऑक्साइड आणि मापनाच्या रीतीचा प्रश्न यांचा संबंध विसाव्या शतकात प्रथम आला असे नाही. १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने या वायूच्या गुणधर्मांचे वर्णन केले आणि त्यास 'नायट्रस हवा' असे संबोधले. हा रंगहीन वायू सामान्य हवेत मिसळला असता तांबूस धूर निर्माण होतो, तो धूर पाण्यात विरघळतो आणि वायूंचे एकूण आकारमान घटते. हवा जितकी 'चांगली' तितकी ही घट अधिक, असे प्रीस्टलीला आढळले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, ही घट हवेतील ऑक्सिजनवर अवलंबून होती.

या शोधामुळे हवेचा चांगलेपणा अंकांत मांडता येईल अशी आशा निर्माण झाली. इटलीतील मार्सिलिओ लँड्रियानी व फेलिचे फोंताना यांनी १७७५ च्या सुमारास त्यासाठी खास उपकरणे सिद्ध केली. त्यांना 'युडिओमीटर' हे नाव मिळाले. युरोपातील डोंगर, दलदली, रुग्णालये व शहरे येथील हवा मोजली जाऊ लागली. परंतु एकाचा अंक दुसऱ्याशी जुळेना. एका गावाची हवा दुसऱ्या गावाच्या हवेपेक्षा आरोग्यदायी ठरविणारे निष्कर्षही त्यामुळे डळमळीत झाले.

या गोंधळाचा उलगडा हेन्री कॅव्हेंडिश याने १७८३ मध्ये केला. दोन वायू किती वेगाने मिसळले जातात, मिसळताना पात्र हलविले जाते की नाही, पाणी कोणते वापरले आहे, अशा बारीकसारीक गोष्टींनी फलितात फरक पडतो, हे त्याने दाखवून दिले. या सर्व गोष्टी कटाक्षाने समान ठेवून त्याने १७८१ मध्ये सुमारे साठ दिवस हवेची परीक्षा केली, आणि लंडन व केन्सिंग्टन येथील हवेचीही तुलना केली. त्याला लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. आधीच्या निरीक्षकांना हवेत आढळलेला फरक मुख्यत्वे त्यांच्या पद्धतींमधील होता. त्याच्या अंकांवरून काढलेले हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण आजच्या मूल्याच्या अगदी जवळ, २१ टक्क्यांच्या आसपास येते.

या प्रसंगात नायट्रिक ऑक्साइड हे मोजण्याचे साधन होते. दोन शतकांनंतर तोच वायू मोजण्याचा विषय झाला, आणि कॅव्हेंडिशपुढे उभा राहिलेला प्रश्न पुन्हा उपस्थित झाला.

३. विषारी वायूपासून जैविक संदेशवाहकापर्यंत

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नायट्रिक ऑक्साइडची ओळख वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरातील प्रदूषक अशीच होती. या वायूची ओझोनशी अभिक्रिया झाली असता उत्तेजित अवस्थेतील नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि तो मूळ स्थितीस येताना प्रकाश उत्सर्जित करतो. या रासायनिक दीप्तीच्या तत्त्वावर आधारित मापनपद्धती १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि प्रदूषणाच्या मोजणीत ती स्थिरावली. पुढे उच्छ्वासाच्या संशोधनास हीच यंत्रे उपयोगी पडली. म्हणजे रुग्णाचा श्वास मोजण्याचे साधन प्रथमतः हवेच्या व धुराच्या तपासणीसाठी घडले होते.

दरम्यान शरीरक्रियाविज्ञानात वेगळ्याच दिशेने प्रगती होत होती. नायट्रोग्लिसरिनसारखी औषधे नायट्रिक ऑक्साइड मुक्त करून कार्य करतात, हे फेरिड मुराद यांनी १९७७ मध्ये दाखविले. रक्तवाहिनीच्या आतील स्तरातून स्नायू शिथिल करणारा एक घटक स्रवतो, असे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केले. हा घटक म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच होय, असे १९८७ मध्ये साल्व्हादोर मोंकादा व त्यांचे सहकारी, तसेच स्वतंत्रपणे लुई इग्नारो यांनी प्रतिपादन केले. १९९८ चे शरीरक्रियाविज्ञान व वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना देण्यात आले.

शरीर हा वायू स्वतः तयार करते हे निश्चित झाल्यावर तो श्वासावाटे बाहेर पडत असला पाहिजे, ही कल्पना स्वाभाविक होती. स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेतील लार्स गुस्टाफसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, मोंकादा यांच्यासह, १९९१ मध्ये ससे, गिनीपिग व माणूस यांच्या उच्छ्वासात शरीरातच निर्माण झालेला नायट्रिक ऑक्साइड असतो, हे सिद्ध केले.

४. पहिले आकडे व त्यांतील विसंगती

त्यानंतरची प्रगती वेगाने झाली. १९९३ मध्ये शेल अल्विंग, एडी वाइट्सबर्ग व यान लुंडबर्ग यांनी सौम्य दमा असलेल्या रुग्णांच्या उच्छ्वासात या वायूचे प्रमाण निरोगी व्यक्तींच्या दोन ते तीन पट असल्याचे दाखविले. १९९४ मध्ये लंडन येथील सर्गेई खारितोनोव, पीटर बार्न्स व सहकाऱ्यांनी अधिक मोठ्या संख्येवर आधारित निष्कर्ष मांडले. श्वासावाटे स्टेरॉइड न घेणाऱ्या ६१ दमेकऱ्यांमध्ये प्रमाण वाढलेले होते, तर ते औषध घेणाऱ्या ५२ रुग्णांमध्ये ते निरोगी व्यक्तींच्या जवळपास होते. श्वासमार्गात दुर्बीण न घालता, ऊतीचा तुकडा न काढता, दाहाचा व औषधाच्या परिणामाचा मागोवा घेता येईल, ही शक्यता त्यामुळे प्रथमच ठळकपणे पुढे आली. दम्याच्या चिकित्सेत या शक्यतेचे मोल मोठे होते. तोवर फुप्फुसाची क्षमता मोजता येत होती. परंतु ती क्षमता कमी करणारा दाह दैनंदिन तपासणीत सहजासहजी मोजता येत नव्हता.

दोन्ही गटांच्या निष्कर्षांची दिशा एक होती, आकडे मात्र एक नव्हते. स्टॉकहोमच्या अभ्यासात तोंडाने श्वास घेणाऱ्या निरोगी व्यक्तींचे मूल्य दहा अब्जांशांच्या आसपास होते. लंडनच्या अभ्यासात निरोगी व्यक्तींची सरासरी सुमारे ८० अब्जांश होती, स्टेरॉइड न घेणाऱ्या दमेकऱ्यांची सुमारे २८३ आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांची सुमारे १०१. आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवले तर लंडनमधील निरोगी माणूस स्टॉकहोममधील दमेकऱ्यापेक्षाही अधिक आजारी ठरला असता. असा अर्थ कोणी काढला नाही. परंतु ज्या मापनावरून रुग्णाचा उपचार ठरवावयाचा त्याचे आकडे शहरागणिक बदलत असतील तर त्यावर विसंबणे अशक्य होते.

विसंगतीचे एक कारण उघड होते. स्टॉकहोममध्ये नेहमीच्या संथ श्वसनातील प्रमाण पाहिले गेले होते, तर लंडनमध्ये पूर्ण श्वास घेऊन तो सावकाश सोडताना आढळणारे शिखरमूल्य नोंदविले गेले होते. परंतु एवढ्याने सर्व फरकांचा उलगडा होत नव्हता. वायू नेमका कोठून येतो आणि कोणत्या गोष्टींनी त्याचे प्रमाण बदलते, हे शोधणे आवश्यक झाले.

५. नाक, टाळू आणि प्रवाहवेग

पहिला अडथळा नाकाचा होता. लुंडबर्ग व सहकाऱ्यांनी १९९४ व १९९५ मधील संशोधनातून असे दाखविले की, नाकाभोवतीच्या अस्थिपोकळ्यांत, म्हणजे सायनसमध्ये, नायट्रिक ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर तयार होतो. खालच्या श्वासमार्गातून येणाऱ्या प्रमाणाच्या तुलनेत नाकातील प्रमाण कितीतरी अधिक असते. उच्छ्वास सोडताना नाकातील हवेचा अल्प अंश जरी तोंडात मिसळला तरी फुप्फुसाचे म्हणून नोंदविलेले मूल्य वस्तुतः नाकाचे ठरते. मग दम्यातील वाढ खरोखर खालच्या श्वासमार्गातील आहे काय, अशी शंका उत्पन्न झाली. १९९६ मध्ये बोस्टन व लंडन येथील गटांनी श्वासनलिकेतून थेट हवेचे नमुने घेऊन ही वाढ खालच्या श्वासमार्गातीलच असल्याचे दाखविले आणि त्या शंकेचे निरसन झाले. मात्र दैनंदिन मापनात नाकाची हवा वेगळी कशी ठेवावी, हा प्रश्न शिल्लक राहिला.

दोन्ही अडचणींवर एकाच वेळी प्रकाश टाकणारे संशोधन टोरांटो येथील फिलिप सिल्कॉफ व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. नाकाविषयीचा त्यांचा उपाय शरीररचनेवर आधारलेला होता. माणूस थोड्या रोधाविरुद्ध फुंकतो तेव्हा तोंडात दाब निर्माण होतो, मृदू टाळू वर उचलला जातो आणि नाकाकडील वाट आपोआप बंद होते. फुगा फुगविताना नाकातून हवा निसटत नाही, ती याच कारणाने. त्यामुळे नळीत योग्य रोध ठेवला की नाकाची हवा मिसळण्याचा धोका टळतो.

त्यांचे दुसरे निरीक्षण अधिक दूरगामी ठरले. उच्छ्वासाचा प्रवाहवेग सेकंदाला सुमारे १५५० मिलिलिटरपासून सुमारे ४ मिलिलिटरपर्यंत कमी करीत नेला असता त्याच व्यक्तींच्या उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण जवळपास ३५ पटींनी वाढले. निरोगी व रुग्ण यांच्यात आढळलेला फरक दोन-चार पटींचा होता. फुंकण्याच्या वेगाने पडणारा फरक त्याच्या कितीतरी पट होता.

याचे कारण पुढे १९९८ मध्ये निकोलाओस त्सुकियास व स्टीव्हन जॉर्ज यांनी मांडलेल्या द्विकक्ष प्रतिमानातून स्पष्ट झाले. नायट्रिक ऑक्साइड बव्हंशी श्वासमार्गाच्या भिंतींमधून हवेत झिरपतो. हवा मंद गतीने सरकली तर ती भिंतींच्या सान्निध्यात अधिक काळ राहते आणि अधिक वायू घेऊन बाहेर पडते. वेगाने सरकली तर तिला तितका अवसर मिळत नाही. येथे आणखी एक गुंतागुंत होती. प्रवाहवेग वाढला की हवेतील प्रमाण घटते. पण दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या वायूची एकूण राशी मात्र वाढते. म्हणजे एका संशोधकाने प्रमाण आणि दुसऱ्याने राशी नोंदविली, तर वेग वाढविल्याचा परिणाम दोघांना परस्परविरुद्ध दिसावा. आधीच्या अनेक विसंगतींचे मूळ येथे होते. कॅव्हेंडिशच्या काळाप्रमाणेच येथेही फरकाचा मोठा भाग पद्धतीत सापडला.

६. शिफारशींचे तीन टप्पे : १९९७, १९९९, २००५

श्वसनविज्ञानास प्रमाणीकरणाचा अनुभव नवा नव्हता. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये लंडन येथे आपल्या स्पायरोमीटरवरील सविस्तर संशोधन प्रसिद्ध केले होते. परंतु स्पायरोमेट्रीविषयी अमेरिकन थोरॅसिक सोसायटीचे प्रमाणीकरणाचे निवेदन प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडले. नायट्रिक ऑक्साइडच्या बाबतीत ही वाटचाल अवघ्या काही वर्षांत झाली.

पहिला टप्पा युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या कृतिगटाचा होता. १९९७ मध्ये खारितोनोव, अल्विंग व बार्न्स यांनी या गटाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत रोधाविरुद्ध, स्थिर वेगाने एकच दीर्घ उच्छ्वास सोडण्याची रीत पुरस्कारिली होती आणि वेग मिनिटाला १० ते १५ लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ ते २५० मिलिलिटर सुचविला होता.

दुसरा टप्पा अमेरिकन थोरॅसिक सोसायटीचा. तिच्या संचालक मंडळाने जुलै १९९९ मध्ये स्वीकारलेल्या दस्तऐवजात प्रौढ व बालके या दोहोंसाठी तपशीलवार पद्धती दिली होती. तीत प्रवाहवेग सेकंदाला ५० मिलिलिटर ठरविण्यात आला. अटलांटिकच्या दोन तीरांवर, एकाच मापनासाठी, वेगाचे दोन भिन्न मानदंड काही काळ नांदले. लहान मुलांना अशी नियंत्रित फुंकर घालणे अवघड जात असल्याने त्यांच्यासाठीच्या पद्धतींवर २००२ मध्ये दोन्ही संस्थांचे वेगळे संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले.

तिसरा टप्पा २००५ चा. दोन्ही संस्थांनी संयुक्त शिफारशी प्रसिद्ध करून सेकंदाला ५० मिलिलिटर हाच वेग स्वीकारला. प्रौढांसाठीची ही पद्धती थोडक्यात पुढीलप्रमाणे सांगता येईल. तपासणीपूर्वी एक तास खाणेपिणे टाळावे; नायट्रेटयुक्त पालेभाज्यांनी मूल्य वाढू शकते. धूम्रपानाने मूल्य घटते, म्हणून त्याची नोंद ठेवावी व तपासणीपूर्वी ते वर्ज्य करावे. जोराच्या उच्छ्वासाने मूल्य तात्पुरते खाली येत असल्यामुळे ही तपासणी स्पायरोमेट्रीच्या आधी करावी. रुग्णाने स्वस्थ बसून, ज्या हवेत नायट्रिक ऑक्साइड पाच अब्जांशांहून कमी आहे अशी हवा, दोन ते तीन सेकंदांत पूर्ण फुप्फुसे भरेपर्यंत तोंडाने घ्यावी. रस्त्यावरील वाहनांच्या धुराने दूषित हवेचा परिणाम त्यामुळे टळतो. श्वास न रोखता लगेच उच्छ्वास सुरू करावा. तोंडातील दाब पाण्याच्या ५ ते २० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असावा, म्हणजे टाळू बंद राहील. प्रवाहवेगात दहा टक्क्यांपेक्षा अधिक चढउतार नसावा. प्रौढाचा उच्छ्वास किमान सहा सेकंद टिकावा आणि त्यात निदान तीन सेकंदांचा सपाट टप्पा मिळावा. आरंभीचे शिखर विचारात घेऊ नये. दहा टक्क्यांच्या आत जुळणारी किमान दोन मापने घेऊन त्यांची सरासरी नोंदवावी.

या तपशिलांपैकी प्रत्येक तपशील पूर्वीच्या एखाद्या चुकीची अथवा वादाची खूण आहे. शिखरमूल्य वगळण्यामागे नाकातील हवेचा प्रश्न आहे, दाबाच्या मर्यादेमागे टाळूची रचना आहे, वेगाच्या अटीमागे १९९७ चे टोरांटोतील प्रयोग आहेत. नियमांची ही यादी म्हणजे अंगी बाणविलेला इतिहासच होय.

७. पन्नासच का?

सेकंदाला ५० मिलिलिटर या वेगाला निसर्गात काही विशेष स्थान नाही. कोणीही माणूस स्वाभाविकपणे इतक्या मंद गतीने उच्छ्वास सोडीत नाही. वेग आणखी कमी केला असता तर वायूचे प्रमाण वाढून मापन अधिक संवेदनक्षम झाले असते. परंतु धाप लागलेल्या रुग्णास इतका मंद व दीर्घ उच्छ्वास टिकविणे जड गेले असते. वेग वाढविला असता तर रुग्णास सोपे झाले असते. पण वायू इतका विरळ झाला असता की, निरोगी व रुग्ण यांच्यातील अंतर यंत्राच्या मर्यादेत हरवले असते. ५० हा आकडा मापनाची संवेदनक्षमता आणि रुग्णाची सोय यांमध्ये साधलेली तडजोड होती, आणि शिफारशींमध्येही तिचे समर्थन याच शब्दांत केलेले आहे. म्हणूनच वेगळ्या वेगाने मापन केले असल्यास तो वेग चिन्हासोबत लिहावा, असेही ठरले. हवा पिशवीत साठवून नंतर मोजण्याच्या पद्धतीसाठी सेकंदाला ३५० मिलिलिटर हा वेगळा वेग सांगितला गेला, कारण तेथे पिशवी भरण्याची सोय महत्त्वाची होती.

या निर्णयाचे परिणाम व्यवहारात किती खोल गेले, याचे उदाहरण २००५ सालीच मिळते. न्यूझीलंडमधील डॉ. रॉबिन टेलर यांच्या गटाने ९७ दमेकऱ्यांवर केलेला प्रयोग त्या वर्षी प्रसिद्ध झाला. नायट्रिक ऑक्साइडच्या आधारे स्टेरॉइडची मात्रा ठरविल्यास, नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत, दम्यावरील नियंत्रण न बिघडता मात्रा बरीच कमी करता येते, असे त्यात आढळले. औषध वाढवावे की नाही यासाठी त्यांनी १५ अब्जांश ही मर्यादा वापरली होती. परंतु त्यांचे मापन सेकंदाला २५० मिलिलिटर या वेगाने झाले होते. ५० मिलिलिटरच्या प्रमाण वेगावर हीच मर्यादा सुमारे ३५ अब्जांशांशी तुल्य ठरते. प्रवाहवेग न पाहता '१५' हा अंक उचलून कोणी आपल्या रुग्णांना लावला असता तर अनेक निरोगीप्राय व्यक्तींना विनाकारण अधिक स्टेरॉइड मिळाले असते. प्रमाणीकरणाचा प्रश्न येथे रुग्णाच्या औषधापर्यंत पोहोचतो.

या करारासाठी काही किंमतही मोजावी लागली. १९९९ पूर्वीच्या अभ्यासांतील तौलनिक निष्कर्ष टिकून राहिले. परंतु त्यांतील आकडे पुढील संशोधनाशी थेट जोडता येईनासे झाले. तसेच एकाच वेगाने केलेल्या मापनातून मोठ्या श्वासमार्गांचा वाटा प्रामुख्याने कळतो. फुप्फुसाच्या दूरच्या, सूक्ष्म भागांतील वाटा वेगळा काढण्यास अनेक वेगांनी मापन करावे लागते. ते संशोधनापुरते मर्यादित राहिले. सोय आणि तुलनीयता यांसाठी माहितीचा काही भाग सोडून देण्यात आला.

८. प्रयोगशाळेतून दवाखान्याकडे

रीत ठरली की ती यंत्रात बसविता येते. कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये स्थापन झालेल्या एरोक्राइन या स्वीडिश कंपनीचे नायॉक्स हे रासायनिक दीप्तीवर आधारित यंत्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये मान्य केले. त्याच कंपनीच्या, विद्युत-रासायनिक संवेदक वापरणाऱ्या, हातात मावणाऱ्या नायॉक्स मिनो या यंत्रास २००८ मध्ये मान्यता मिळाली.

अशा यंत्रांत शिफारशींमधील नियम यंत्राच्या अंगभूत रचनेचा भाग झाले. हवा गाळून घेतली जाते, रोध नळीतच असतो, फुंकर अधिक जोराची वा मंद झाली तर यंत्र इशारा देते आणि उच्छ्वास अपुरा असेल तर अंकच दाखवीत नाही. रुग्णाला व वैद्यकीय सहायकाला नियमांमागील वाद ठाऊक असण्याची गरज उरली नाही. यशस्वी प्रमाणीकरणाचे हे एक लक्षण मानता येईल; परंतु त्यातच एक धोकाही आहे. जी गोष्ट एकेकाळी वादाचा विषय होती ती दृष्टीआड झाली की अंक पुन्हा 'नैसर्गिक' वाटू लागतो. भिन्न बनावटीच्या यंत्रांची मूल्ये तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे एकाच रुग्णाचा पाठपुरावा शक्यतो एकाच प्रकारच्या यंत्रावर व्हावा, ही सावधगिरी आजही आवश्यक ठरते.

९. रीत ठरली, अर्थ ठरला काय?

मोजण्याची रीत निश्चित झाल्यावर 'सामान्य मूल्य कोणते?' हा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा होती. ती पूर्णतः फलद्रूप झाली नाही. उंची, वय, लिंग, धूम्रपान आणि विशेषतः ॲलर्जीची प्रवृत्ती यांनुसार निरोगी व्यक्तींमध्येही मूल्ये बरीच वेगळी असतात. म्हणून अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सामान्य मूल्यांऐवजी निर्णयाच्या सीमा वापराव्यात असे सुचविले. प्रौढांमध्ये २५ अब्जांशांहून कमी मूल्य असल्यास इओसिनोफिल पेशींशी निगडित दाहाची व स्टेरॉइडला प्रतिसाद मिळण्याची शक्यता कमी. ५० हून अधिक असल्यास ती जास्त. मधल्या मूल्यांचा अर्थ रुग्णाची स्थिती पाहून सावधपणे लावावा, असे त्यात म्हटले होते. उपचारानंतरचा बदल त्याच रुग्णाच्या आधीच्या मूल्याशी ताडून पाहावा, हेही त्यात स्पष्ट केले होते : मूळ मूल्य ५० हून अधिक असल्यास निदान २० टक्के आणि त्याहून कमी असल्यास निदान १० अब्जांश इतकी घट अर्थपूर्ण समजावी.

सीमा मात्र स्थिर राहिल्या नाहीत. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी ४० अब्जांश वा त्याहून अधिक मूल्य दम्याच्या निदानास पोषक मानले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्य दोन संस्थांसह प्रसिद्ध केलेल्या नव्या सूचनांत ही सीमा ५० करण्यात आली. दम्याची लक्षणे असलेल्या, ४५ अब्जांश मूल्याच्या प्रौढाचा विचार केल्यास, आधीच्या सूचनांनुसार त्याची तपासणी सकारात्मक ठरते, नंतरच्या सूचनांनुसार तेवढ्यावर निदान करता येत नाही आणि पुढील तपासण्या कराव्या लागतात. त्याच्या श्वासात काहीच बदललेले नसते. रीतीविषयीचा करार आणि अर्थाविषयीचा करार हे दोन वेगळे करार आहेत, आणि पहिला झाला म्हणून दुसरा आपोआप होत नाही, हे यावरून दिसून येते.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइडविषयीच्या आरंभीच्या मतभेदांचा मोठा भाग रुग्णांमधील फरकांमुळे नसून नाकातील हवा, प्रवाहवेग व नोंदीची पद्धत यांमुळे उद्भवला होता. दुसरा, १९९९ व २००५ मधील प्रमाणीकरण हा वैज्ञानिक ज्ञानावर आधारित, तरीही मानवी सोयीचा विचार करून घेतलेला निर्णय होता. त्यातील ५० हा वेग शोधून काढलेला नाही, ठरविलेला आहे. असे असले तरी तो मनमानी ठरत नाही, कारण त्याची कारणे उघडपणे मांडलेली आहेत आणि ती तपासता येतात. तिसरा, प्रमाणीकरणामुळे स्टॉकहोम, लंडन, टोरांटो वा अन्य कोठल्याही ठिकाणचे अंक एका भाषेत बोलू लागले. पण त्या अंकांवरून काय करावयाचे, याचा निर्णय अद्याप बदलत्या सीमांवर आणि चिकित्सकाच्या विवेकावर अवलंबून आहे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या वहीत फलित लिहिले जाते, पण अनेकदा कृतीचा तपशील 'नेहमीप्रमाणे' या एका शब्दात उरकला जातो. कॅव्हेंडिशच्या युडिओमीटरपासून सिल्कॉफ यांच्या रोधनळीपर्यंतचा हा इतिहास त्या सवयीविरुद्ध साक्ष देतो. दोन्ही वेळी गोंधळ मिटला तो 'नेहमीप्रमाणे' म्हणजे नेमके कसे, हे कोणीतरी लिहून काढल्यावर. दम्याच्या रुग्णाला मिळणाऱ्या औषधाची मात्रा आज काही अंशी त्या लिखित तपशिलावर उभी आहे.